टाकून द्यायची नऊ अंडी

डॉक्टरांनी ती नऊ अंडी माझ्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाले, "मावशी, ही मागच्या खड्ड्यात टाकून या. गार पडलीत."

बावीस वर्षं मी त्या केंद्रात कामाला होते. पाखरांना दाणापाणी करायचं, पिंजरे झाडायचे, मेलेलं उचलायचं आणि डॉक्टर म्हणतील ते मागच्या खड्ड्यात टाकायचं. टाक म्हटलेली वस्तू मी टाकली नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

आमचं केंद्र तित्तरांचं. वस्तीबाहेर मोठं कुरण आहे. माझ्या लग्नानंतरची काही वर्षं तिथे इतके तित्तर होते की पहाटे त्यांच्या कलकलाटानं झोपमोड व्हायची आणि लोक अंथरुणातून त्यांना शिव्या घालायचे. मग गवत कापायला ट्रॅक्टर आले. तित्तराची मादी जमिनीवरच अंडी घालते आणि जागची हलत नाही. वरून पातं फिरलं की अंडी गेली, कधीकधी मादीही गेली. बघता बघता शिव्या घालायलाही तित्तर उरला नाही. मग केंद्र निघालं. कुरणात सापडलेली अंडी आणायची, उबवायची, पिल्लं वाढवून परत कुरणात सोडायची, एवढंच काम.

डॉक्टर हुशार होते आणि सरळही, पण त्यांचा सगळा जीव दोन वर्षांपूर्वी आलेल्या उबवणीच्या पेटीत. काचेचं दार, हिरवा दिवा, अंडी आपोआप कलती व्हायची. शंभरातली नव्वद फुटायची, खोटं कशाला बोलू? पिल्लं निघायची भरपूर, जगायचं मात्र एकही नाही. पहिल्या वर्षी चाळीस सोडली, दुसऱ्या वर्षी त्रेपन्न. त्या त्रेपन्नांना सोडल्यावर नवव्या दिवशी मी कुरणात चक्कर मारली, तर जागोजाग पिसं. घारीनं खाल्ली, मुंगसानं खाल्ली, कुत्र्यांनी खाल्ली. मी ती पिसं गोळा करत गेले आणि ओटी भरल्यावर खाली बसून रडले. मग मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आमच्या घरातलं कुणीही सांगेल.

त्यानंतर वरच्या ऑफिसचं पत्र आलं. दोन महिन्यांनी पाहणी होईल. यंदाची पिल्लं कुरणात तग धरतील असं दिसलं नाही तर केंद्राला कुलूप, आणि पिंजऱ्यातले जुने तित्तर लांबच्या प्राणिसंग्रहालयात. म्हणजे कुरणातून तित्तर कायमचा गेला असं समजायचं. पत्र वाचून डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला.

अशात एका सकाळी ट्रॅक्टरवाला आला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. टोपीत गवत आणि गवतात एकवीस अंडी. त्या वर्षीची ती पहिली, आणि शेवटचीही असतील अशी चिन्हं होती. "दोन घरटी होती," तो म्हणाला. "बारा आजची, मादी पुढ्यातून उडाली. नऊ काल कापलेल्या पट्ट्यातली, रात्रभर उघड्यावर पडलेली."

बारा पेटीत गेली, नऊ माझ्या ओंजळीत आली. मी खड्ड्यापर्यंत गेले. अंडी गार होती खरी, पण मेलेलं अंडं हाताला कसं लागतं ते मी बावीस वर्षं पाहत आले आहे, आणि ही तशी लागत नव्हती. तिथेच उभ्या उभ्या मी ती एप्रनच्या दोन खिशांत घातली आणि जेवणाच्या सुट्टीत घरी निघाले. अशी जपून चालले की समोरून येणाऱ्या शेजारणीनं विचारलं, "पाय मुरगळला का हो?"

आमचे हे शिंपी. पुढच्या खोलीत यांचं शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि एक जुनं कपाट. त्या कपाटाच्या खालच्या खणात, यांच्या चिंध्यांच्या ढिगावर, आमची फौजदारीण बसलेली असायची. फौजदारीण म्हणजे कोंबडी. सात वर्षांची, तांबडी, एका पायाचं एक बोट नसलेली. वर्षातून अंडी घालायची बोटावर मोजण्याइतकी आणि खुडूक मात्र दर दोन महिन्यांनी व्हायची. एकदा खुडूक झाली की खाली काय आहे याचं तिला सोयरसुतक नसे. दगडावर बसायची, रिळांवर बसायची, एकदा यांच्या गार इस्त्रीवर तीन दिवस बसली होती. खणाजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला चोचीचा प्रसाद. गिऱ्हाइकाच्या पँटचं माप घेताना हे आधी त्याला सांगायचे, "डावा पाय जरा तिकडे ठेवा, इकडे बाई रागीट आहे." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं.

त्या दिवशी ती दोन रिळं आणि एका दाभणाच्या मुठीवर बसली होती. मी एकेक अंडं तिच्या पोटाखाली सारलं. तिनं माझ्या मनगटावर दोनदा टोचलं, मग मान खाली घालून चोचीनं अंडी आपल्या सोयीनं सरकवली, अंग पसरलं आणि डोळे अर्धे मिटले.

"हे केंद्राचं आहे ना?" ह्यांनी मशीन न थांबवता विचारलं.

"खड्ड्याचं आहे."

"मग ठीक," हे म्हणाले.

सहाव्या दिवशी दुपारी मी खिडकीवर चादर टाकली, बुटाच्या खोक्याला भोक पाडून आत बल्ब लावला आणि अंडी भोकावर एकेक करून धरली. पहिल्यात काहीच नाही, नितळ पिवळं. दुसऱ्यात लाल रेषांचं जाळं, आणि मधे एक ठिपका, हलणारा. नऊपैकी सात जिवंत होती. मी चादर काढायचीही विसरले, तशीच केंद्रात गेले आणि डॉक्टरांसमोर उभी राहिले. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मावशी, तुम्ही सरकारी अंडी घरी नेलीत."

"सरकारी खड्ड्यात जाणार होती."

"आणि कोंबडीचा प्रयोग आपण केला होता. पेटी आली त्या पहिल्याच वर्षी. आठवतंय?"

आठवत होतं. पेटीतून निघालेली दोन दिवसांची पिल्लं आम्ही याच फौजदारणीपुढे ठेवली होती. ती कुक् कुक् करून बोलवत राहिली, पिल्लांनी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी तिनं दोघांना टोचलं आणि डॉक्टरांनी वहीत लिहिलं, कोंबडी निरुपयोगी. ते चूक आहे हे मला तेव्हाही वाटलं होतं. पण का चूक ते सांगता येईना, म्हणून मूग गिळून बसले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. संध्याकाळी घरी आले, कपाटासमोर गुडघ्यांवर बसले, खिशातून थर्मामीटर काढला आणि तिच्या पोटाखाली घातला. अंगठ्यावर रक्त येईपर्यंत टोचून घेतलं, पण काढला तो आकडा बघूनच. मग तो उजेडाकडे नेऊन पुन्हा पाहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पेटीत ठेवतो तेवढंच आहे. दशांशापर्यंत."

"पेटी हिच्यावरूनच केली असेल हो," हे टेबलामागून म्हणाले.

डॉक्टर हसले. "राहू द्या मावशी. पण पाहणीच्या कागदात ही सात मी धरणार नाही. तिथे माझी बाराच."

मी हो म्हटलं. मनातून मला ते झोंबलं.

अठराव्या दिवशी सकाळी मी पीठ मळत होते आणि पुढच्या खोलीतलं मशीन मधेच बंद पडलं. आमचे हे शिवण अर्धी टाकणाऱ्यांतले नाहीत. मी हात तसेच घेऊन बाहेर आले, तर हे खणाला कान लावून बसलेले, आणि फौजदारीण त्यांना काही करत नव्हती.

"ऐक," हे हळूच म्हणाले.

फौजदारीण बोलत होती. नेहमीचा कलकलाट नव्हे, पोटातून येणारा अगदी हळू आवाज, कुक्... कुक्... मधे थांबायची. आणि ती थांबली की तिच्या खालून, चिंध्यांतून, सुईच्या टोकाएवढा आवाज यायचा. अंडी फुटलेली नव्हती, तडासुद्धा नव्हता. पिल्लं कवचातून उत्तर देत होती. ती पुन्हा बोलायची, पिल्लं पुन्हा उत्तर द्यायची.

माझी आई म्हणायची, खुडूक कोंबडीशी बोलू नये, ती कामात असते. मला वाटायचं, बसून राहण्यात कसलं आलंय काम? त्या सकाळी पिठाच्या हातांनी उभी असताना मला दोन वर्षांचं कोडं उलगडलं. पेटीतल्या पिल्लांना फौजदारीण कळली नव्हती, कारण तिचा आवाज त्यांनी कवचात ऐकलाच नव्हता. शिकवणी बाहेर आल्यावर सुरू होत नाही. ती आधीच झालेली असते. पेटीत गर्भाला काय ऐकू येणार? पंख्याची घरघर.

ह्यांनी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. एक कोट अडला, गिऱ्हाईक दारात येऊन तणतणून गेलं. हे त्याला एवढंच म्हणाले, "आत शाळा चालू आहे."

विसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली. सातवं कवचातच गेलं. ते मी स्वतः जाऊन खड्ड्यात ठेवलं आणि वर माती ओढली. उरलेली सहा, प्रत्येक माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा जेमतेम मोठं, पाठीवर गवतासारख्या रेघा. फौजदारणीनं एकदा कुक् केलं आणि सहाच्या सहा तिच्या पोटाखाली. पेटीतही अकरा निघाली होती, धडधाकट. डॉक्टर खूश होते.

केंद्राच्या मागच्या आवारात, उंच गवतात, मी आई आणि पिल्लं ठेवली. माझा नियम एकच, डबा वाजवायचा नाही. हा डबा म्हणजे आमची जुनी खोड. पत्र्याच्या डब्यात दाणे खळखळवले की केंद्रातली पिल्लं पायाशी धावत यायची. बावीस वर्षं मला त्याचं कौतुक वाटायचं. कुरणात त्या त्रेपन्नांतली किती पिल्लं अशीच कुणाच्या तरी पायाशी धावत गेली असतील, हे आता डोक्यात यायचं आणि झोप उडायची. म्हणून मी वाळवीचं ढेकूळ आणायचे, लांब टाकायचे आणि निघून जायचे. पुढचं फौजदारीण बघायची. ती पायानं ढेकूळ फोडायची. पहिल्या दिवशी तिच्या लाथेनं एक पिल्लू मातीसकट हातभर लांब जाऊन पडलं. दुसऱ्या दिवसापासून सहाही जण तिच्या मागे उभी राहायची सोडून बाजूला उभी राहू लागली.

एका पिल्लालाही मी हात लावला नाही. हे लिहायला सोपं आहे.

तिसऱ्या आठवड्यात सवयीनं माझ्या हातात डबा आला आणि आवाराच्या दारात तो खळकन वाजला. फौजदारीण एकच खरखरीत आवाज करून ताठ झाली. गवत हललंसुद्धा नाही, पण पिल्लं दिसेनाशी झाली. मी ज्यांना खड्ड्याच्या तोंडातून काढलं ती माझ्यापासून लपून बसली होती. आणि सांगते, त्या नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पिल्लं पाच आठवड्यांची असताना पाहणीच्या बाई आल्या. उंच, टापटीप, पायात भक्कम बूट, हातात कागदांची पाटी. फारसं बोलत नव्हत्या. मोठ्या जाळीच्या आवारात, जिथे गवत कुरणासारखंच वाढवलं आहे, तिथे डॉक्टरांनी आपली अकरा पिल्लं सोडली. छान तजेलदार पिल्लं. ती मोकळ्या जागेत आली आणि उभी राहिली. थोड्या वेळानं वरून घार गेली. तिची सावली गवतावरून सरकली, घार वळली आणि जाळीवर येऊन बसली. पिल्लांनी माना वर करून तिला पाहिलं. एक तर तिच्या खाली जाऊन उभं राहिलं. मग दारात कुणाचा तरी पाय पत्र्याला लागला, खळ्ळ झालं, आणि अकराच्या अकरा धावत बाईंच्या बुटांशी.

बाईंनी लिहिलं. काय लिहिलं ते वाचायची गरज नव्हती. डॉक्टरांचा चेहरा पाहवत नव्हता. मला त्यांच्यावर इतकी वर्षं येत असलेला राग त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

"एवढंच का?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर हो म्हणाले असते तर केंद्र तिथेच संपलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही. आणखी सहा आहेत. कागदात नाहीत, कारण ती मी टाकून द्यायला सांगितली होती. ती या मावशींची."

अकरांना आत नेलं. मी फौजदारणीला काखेत घेऊन आले आणि मागून केंद्रातल्या दोघांनी पिल्लांचं खोकं आणून उघडलं. ती आईपाशी गेली, गवत उकरू लागली. बाई जाळीच्या आत येऊन उभ्या राहिल्या. घार लांब गेली नव्हती. ती परत आली.

सावली आवाराच्या कडेला आली मात्र, फौजदारणीनं मान वाकडी करून एका डोळ्यानं आभाळ पाहिलं आणि तो खरखरीत आवाज केला. एकदाच. सहा पिल्लं होती तिथे गवत उरलं.

घार दोन घिरट्या घालून कंटाळून गेली. फौजदारीण मात्र हलली नाही, कारण आवारात माणसं होती आणि माणसांबद्दल तिचं मत घारीपेक्षा बरं नव्हतं.

"कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"इथेच आहेत," मी म्हटलं.

बाईंनी पाटी डॉक्टरांकडे दिली आणि शोधायला लागल्या. आवार चाळीस पावलं लांब आणि तीस पावलं रुंद. त्या वाकून गवत बाजूला करत या टोकाहून त्या टोकाला गेल्या. डॉक्टरही शोधायला लागले. वीस मिनिटं झाली. बाईंच्या कपाळावर घाम आला, केस सुटले.

"मावशी, एक तरी दाखवा," त्या म्हणाल्या.

"मलाही दिसत नाही हो, मॅडम. हिला विचारावं लागेल."

सगळे बाहेर आलो, दार लावलं. पाच मिनिटांनी फौजदारणीनं कुक् केलं. बाई जिथे शेवटी उभ्या होत्या तिथे, त्यांच्या बुटाच्या ठशापासून वीतभर अंतरावर, जमिनीचा एक तुकडा उठून उभा राहिला आणि आईकडे पळाला. मग दुसरा. बाई जाळीला दोन्ही हातांनी धरून मोजत होत्या. सहा झाल्यावर त्या मोठ्यानं हसल्या, आणि डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी हसले नाही. मी जाळीला टेकून रडले, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून.

पाहणीच्या कागदात एक रकाना होता, वापरलेलं उपकरण. डॉक्टरांनी पेन उघडलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, "कोंबडी, एक. वय सात वर्षे. स्वभाव तापट." पुढचा रकाना होता, उपकरण चालवणाऱ्याचं नाव. तिथे त्यांनी माझं नाव घातलं आणि विचारलं, "स्वभाव इथेही लिहू का?" केंद्राचं कुलूप टळलं. पेटी राहिली, पण शेवटचे सहा दिवस अंडी कोंबडीखाली गेलीच पाहिजेत असा नियम झाला, आणि वस्तीत जिच्या घरी खुडूक कोंबडी तिचा भाव वधारला. अकरा पिल्लं पिंजऱ्यात राहिली, अंड्यांसाठी.

सहांना आम्ही कुरणाच्या कडेला सोडलं. आईला फळ्यांच्या खुराड्यात ठेवलं, फटींतून पिल्लं आतबाहेर करतील असं. पहिले अकरा दिवस पिल्लं दिवसभर हिंडून संध्याकाळी परत यायची. नवव्या दिवशी मी दुपारपासून खुराड्याशी उभी होते, सहा मोजली तेव्हा बसले. बाराव्या दिवशी एकही आलं नाही. फौजदारीण दोन दिवस हाका मारत राहिली, तिसऱ्या दिवशी गप्प झाली आणि घरी आणल्यावर कपाटाच्या खणात बसली, ह्यांच्या खडूवर.

पुढच्या वर्षी गवतकापणी सुरू झाली. ट्रॅक्टरवाला पहिल्याच सकाळी दुकानाच्या दारात आला. टोपी हातात होती.

"किती आणलीस?" मी विचारलं.

त्यानं टोपी उलटी करून दाखवली. रिकामी.

"ओढ्याकडच्या कोपऱ्यात एक मादी अंड्यांवर बसलीय, वहिनी. मी मशीन दोन हातांवर आणलं तरी उठेना. उलट माझ्याकडे अशी बघितली..." त्यानं खणाकडे पाहिलं. फौजदारीण मान ताठ करून त्याच्याकडे एका डोळ्यानं बघत होती. "हां, अशी. मग मीच वळवलं. तिच्याभोवतीचं गवत ठेवलंय तसंच."

ह्यांनी मशीन थांबवलं. मी टोपी त्याच्या हातातून घेतली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.